डबीवरचा कंद
"ताई, हे तर झाडपाल्याचं, ह्याने काय अपाय होणार?" पाळी जायच्या वयातल्या बायका माझ्या औषधाच्या दुकानात 'वाइल्ड याम'च्या क्रीमची डबी पुढे करून विचारतात. अमेरिकेतल्या लेकीसुनांनी पाठवलेली असते. आम्हा कोकणातल्यांना हा कंद परका नाही. कोनफळ, करांदे त्याच कुळातले. पण ज्याच्यासाठी ही क्रीम घेतात ते प्रोजेस्टेरॉन हार्मोन त्याच्यात नसतं. असतं डायोस्जेनिन, आणि त्याचं प्रोजेस्टेरॉन करणं आपल्या शरीराला जमत नाही.

ते जमवलं रसेल मार्कर ह्या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने. त्याआधी हे हार्मोन जनावरांतून काढत. 1934 साली बुटेनांट ह्या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत सुमारे 50,000 डुकरिणींच्या अंडाशयांतून हाती आलं जेमतेम 20 मिलिग्रॅम! पुढे बाजारात ग्रॅमला 80 डॉलर मोजावे लागत. मार्करने डायोस्जेनिन अॅसेटिक अॅनहायड्राइडमध्ये 200 अंशांच्या आसपास तापवलं, मग क्रोमिक आम्लाने त्याचा नको असलेला भाग तोडला, आणि आणखी काही पायऱ्यांनी प्रोजेस्टेरॉन गाठलं. आपल्या पोटात ना तसली भट्टी, ना क्रोमिक आम्ल. काही क्रीममध्ये कारखान्यात बनवलेलं प्रोजेस्टेरॉन वेगळं मिसळलेलं असतं. गुण येतो तो त्याचा. चित्र मात्र कंदाचं. म्हणून मी आधी डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचते.

भरपूर डायोस्जेनिन देणारा कंद मार्करला एका पुस्तकातल्या चित्रात दिसला आणि तो मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझ प्रांतात जाऊन धडकला. ओरिसाबा आणि कोर्दोबाच्या मध्ये, एका दुकानदाराकडून त्याने 'काबेसा दे नेग्रो'चे कंद मिळवले. वाटेत ते चोरीला गेले; पोलिसाला चिरीमिरी देऊन एक परत मिळवला, असं तो पुढे सांगत असे. एका अमेरिकन औषध कंपनीने ह्यात पैसे घालायला नकार दिला, तेव्हा गड्याने मेक्सिको शहराच्या टेलिफोन डिरेक्टरीत हार्मोनवाली कंपनी शोधली. तिच्या मालकांबरोबर 1944 साली 'सिंटेक्स' काढली आणि पुढच्याच वर्षी भांडून बाहेर पडला. रसायनांच्या बाटल्यांवर त्याने स्वतःच्या सांकेतिक खुणा घातलेल्या! मागून आलेल्या रोझेनक्रांझ ह्या रसायनतज्ज्ञाला सगळी कृती नव्याने जुळवावी लागली. पण 1951 साली त्याच सिंटेक्समध्ये लुईस मिरामोंतेस ह्या तरुण विद्यार्थ्याच्या हातून नॉरएथिस्टेरॉन तयार झालं. पूजा किंवा लग्न आलं की पाळी पुढे ढकलायला आपल्याकडे ज्या गोळ्या मागतात, त्यांतलं औषध हेच.

एव्हाना पहिला कंद मागे पडून जास्त डायोस्जेनिनचा 'बारबास्को' आला होता. मक्याच्या शेतात तो म्हणजे तण. दक्षिण मेक्सिकोतली गरीब कुटुंबं जंगलात शिरून तो खणत, पाठीवर वाहून आणत आणि किलोवर विकत. पुढे त्याचे तुकडे करून आंबवायचे, सिमेंटच्या खळ्यावर उन्हात वाळवायचे. आपण खणतो त्याचं पुढे काय होतं, हे कितीतरी जणांना ठाऊक नव्हतं. इतिहासकार गाब्रिएला सोतो लावेआगा ह्यांनी ह्या माणसांवर अख्खं पुस्तक लिहिलंय. मार्करच्या चोरीला गेलेल्या कंदांपेक्षा मला तीच गोष्ट मोठी वाटते. 1975 साली राष्ट्राध्यक्ष एचेव्हेरिया ह्यांनी खणणाऱ्यांना बरा भाव मिळावा म्हणून 'प्रोकिवेमेक्स' ही सरकारी कंपनी काढली. तोवर परदेशी औषध कंपन्यांना सोयाबीनचा कच्चा माल सापडला होता.