घरात आजोबांची बंदूक आहे? परवाना, खरेदी, ने-आण आणि वारसा : काय चालतं, काय चालत नाही

वर्धा : सोयाबीनच्या शेंगा भरल्या, तूर-चणा वर आला की जिल्ह्यातल्या गावागावांत जागल सुरू होते. रात्रीतून डुकरांचा कळप शिरला तर सकाळी वावरात नुसती उकरलेली माती राहते. रोह्यांचं तेच. अशा वेळी पिढीजात ठासणीच्या बंदुकीची किंवा कपाटावरच्या बाराबोरची आठवण होते. पण तिचा परवाना कोणाच्या नावावर आहे, तो चालू आहे का, हे पाहायचं बऱ्याच घरांत राहून जातं.

पहिली गोष्ट इथेच समजून घ्यायला हवी. बंदुकीचा परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या किंवा वावराच्या नावावर नाही. सातबाऱ्यावर वारसाचा फेरफार झाला म्हणजे बंदूकही वारसाची झाली, असं होत नाही. ज्याच्या नावावर परवाना होता तो गेला की त्या दिवसापासून घरातली बंदूक बिनपरवाना ठरू शकते.

कायदा कोणता?

शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ हे दोन्ही केंद्राचे आहेत आणि देशभर लागू आहेत. प्रत्येक राज्याचा वेगळा बंदूक कायदा नाही. परवाना मात्र जिल्ह्यातूनच मिळतो. आपल्याकडे जिल्हाधिकारी हेच जिल्हादंडाधिकारी म्हणून तो देतात. त्याआधी पोलिसांचा चौकशी अहवाल मागवला जातो.

कर्नाटकात शेतकऱ्याला परवाना लागत नाही, अशी चर्चा अधूनमधून होते. ती अर्धवट आहे. तिथल्या कोडगू (कुर्ग) जिल्ह्यात कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना ब्रिटिशांच्या काळापासून सूट आहे आणि केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली आहे. ती सूट तेवढ्यांनाच आहे. वर्ध्यातल्या शेतकऱ्याला तिचा काही उपयोग नाही.

पीक राखायला परवाना मिळतो का?

मिळतो. कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. पीक राखण्यासाठी मुळात ठासणीची बंदूक धरलेली आहे. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर किमान २० इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक (उदा. बाराबोर) मंजूर करता येते. पीक राखायच्या नावावर पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मागून उपयोग नाही.

अर्ज 'ए-१' नमुन्यात करायचा असतो. ओळख, पत्ता आणि वय यांचे पुरावे लागतात. पीक संरक्षणाचं कारण असेल तर सातबारा आणि नुकसानीचे जुने पंचनामे सोबत जोडलेले बरे. शस्त्र सुरक्षितपणे हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्रही लागतं. घरात बंदूक कुलूपबंद ठेवायची सोय आहे का, हे विचारलं जातं.

वय २१ वर्षे पूर्ण हवं. मारामारीसारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला शिक्षेनंतरची ५ वर्षे परवाना मिळत नाही. शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून दिलं असेल, तर त्याची मुदत संपेपर्यंतही मिळत नाही. धुऱ्याच्या भांडणातून अशी बंधपत्रं होतात, म्हणून हे ध्यानात ठेवावं. मात्र अर्जदाराकडे पुरेशी जमीनजायदाद नाही, एवढ्याच कारणावरून अर्ज फेटाळता येत नाही. नकार मिळाला तर लेखी कारण मागावं. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर नागपूरच्या विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं.

बोर अभयारण्याच्या आसपासच्या गावांसाठी आणखी एक नियम आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपल्या शस्त्राची वन्यजीव विभागाकडे नोंद करायची असते. या पट्ट्यात नवा परवाना देण्याआधी मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती लागते. सेलू तालुक्यातल्या जंगलालगतच्या शेतकऱ्यांनी अर्ज करण्याआधी हे विचारून घ्यावं, नाहीतर कागद तिथेच अडकतात.

खरेदी कशी करायची?

आधी परवाना, मग बंदूक. उलटं केलं तर गुन्हा. परवानाधारक विक्रेत्याकडून घेताना परवाना दाखवावा लागतो. बंदुकीचा नंबर परवान्यावर आणि दुकानाच्या नोंदवहीत चढतो. काडतुसं किती घेता येतील तेही परवान्यावर लिहिलेलं असतं. काडतुसांनासुद्धा परवाना लागतो, हे अनेकांना माहीत नसतं. बंदूक विकून टाकली आणि डब्यात चार काडतुसं राहून गेली, तरी अडचण होऊ शकते.

ओळखीच्या परवानाधारकाकडून जुनी बंदूक घेता येते, पण हातोहात नाही. विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह लेखी कळवायचं असतं. कळवल्यापासून ४५ दिवस झाल्याशिवाय बंदूक ताब्यात देता येत नाही. बिनपरवाना माणसाला बंदूक देणारा आणि बिनपरवाना माणसाकडून घेणारा, दोघंही गुन्ह्यात येतात.

हौस म्हणून चार-सहा बंदुका जमवायचे दिवस गेले. आधी एका माणसाला ३ बंदुका ठेवता येत. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने ती मर्यादा २ वर आली. तिसरी जमा करायला १ वर्षाची मुदत होती, ती कधीच संपली. वारशाने आलेल्या बंदुकाही या दोनातच मोजल्या जातात. याच दुरुस्तीने परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षे झाली. परवान्यावर 'यूआयएन' म्हणजे राष्ट्रीय नोंदणीचा क्रमांक आहे का, तेही पाहून घ्या. जुन्या वहीसारख्या परवान्यावर तो नसेल, तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत जा.

बंदूक घेऊन जाता-येताना

परवाना कोणत्या हद्दीत चालतो ते त्यावरच लिहिलेलं असतं : जिल्ह्यापुरता, महाराष्ट्रापुरता की देशभर. आपला जिल्हा नदीकाठचा आहे. आर्वी, आष्टी किंवा पुलगावकडून वर्धा नदीचा पूल ओलांडला की अमरावती जिल्हा लागतो. देवळीच्या पलीकडे यवतमाळ, समुद्रपूरच्या पलीकडे चंद्रपूर. परवाना जिल्ह्यापुरता असेल तर सोयऱ्याच्या गावचं वावर राखायला पुलापलीकडे बंदूक नेता येत नाही.

सोबत मूळ परवाना हवा. बंदूक रिकामी आणि पिशवीत किंवा खोळीत बंद असावी, काडतुसं वेगळी. जत्रा, मिरवणूक, सभा आणि शाळा-कॉलेजच्या आवारात खास परवानगीशिवाय बंदूक नेता येत नाही. अभयारण्यात शिरताना तर आधी वनविभागाची लेखी परवानगी लागते, मग वावराकडे जायची जवळची वाट तिथून का असेना.

बाप म्हातारा आहे, ठाण्यात जायला जमत नाही, मग पोराने बंदूक न्यायची का? कायद्याने याला वाट ठेवली आहे. परवानाधारक सोबत असेल किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, तर दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्याच वापरासाठी दुसऱ्याला बंदूक नेता येते. तेव्हा साध्या कागदावर का होईना, कोण नेतो, कुठे, कशासाठी आणि कोणत्या तारखेला हे लिहून सही घ्या. पण या चिठ्ठीवर पोराला रात्री एकट्याने बंदूक घेऊन जागलीला जाता येत नाही.

परवानाधारक वारला तर

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. तेरवी झाली, पाहुणे गेले, बंदूक मात्र होती तिथेच राहते. वर्ष जातं, दोन वर्षं जातात. मग परवान्याची तपासणी निघते किंवा घरात भांडण होऊन कोणीतरी तक्रार करतो.

कायदा सांगतो की ताबा कायदेशीर राहिला नाही की विनाकारण उशीर न करता बंदूक आणि काडतुसं जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. आधी ठाण्यात फोन करून किंवा पोलीस पाटलाला घेऊन कळवा, ते सांगतील तशी न्या. बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घ्या आणि ती मृत्यू प्रमाणपत्रासोबत जपून ठेवा.

त्यानंतर वारसाने स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा. मुलगा, मुलगी, पत्नी, सून, जावई, भाऊ, बहीण यांपैकी कोणीही पात्र असेल तर अर्ज करू शकतो. बाकीच्या वारसांचं संमतीपत्र आधीच घेतलं तर पुढचा वाद टळतो. कोणालाच नको असेल तर रीतसर विकता येते. काहीच न करता मुदत जाऊ दिली, तर जमा केलेली बंदूक सरकारजमा होते.

माणूस जाण्याची वाट पाहायचीही गरज नाही. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षे झाली, यापैकी जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच वारसाच्या नावाने परवाना मागू शकतो. घरात म्हातारा परवानाधारक असेल तर हे काम त्याची सही चालते तोवर करून घ्यावं.

गंजलेली, शोभेची आणि छर्र्याची

भिंतीवरच्या जुन्या बंदुकीला परवाना लागत नाही, हे सरसकट खरं नाही. दुरुस्त करूनही जिच्यातून बार उडू शकत नाही, अशाच जुन्या किंवा नादुरुस्त बंदुकीला सूट आहे. नुसता घोडा अडकला म्हणजे ती सुटली नाही. लोहाराकडून नळी बुजवून घेणं किंवा कापून घेणंही नको. नळी कापणं हा वेगळा गुन्हा आहे. शंका असेल तर बंदूक पोलिसांना दाखवून लेखी घ्या.

०.१७७ इंच (४.५ मिमी) नळीची, २० ज्यूलपर्यंत जोराची छर्र्याची बंदूक परवान्याशिवाय घेता येते. तिने पाखरं किंवा ससे मारले तर मात्र वन्यजीव कायदा लागतो. विळा, कुऱ्हाड, काठी या घरच्या आणि शेतीच्या वस्तू शस्त्र कायद्यात येत नाहीत.

परवाना म्हणजे शिकारीची मुभा नाही

पीक संरक्षणाचा परवाना असला तरी रानडुक्कर किंवा रोही मारायला वनविभागाची वेगळी परवानगी लागते. हे दोन्ही प्राणी आता वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली परवानगी देता येते. ती वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे मागायची. नुकसान झालं तर लगेच वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्या. भरपाईलाही तो लागतो आणि परवान्याच्या अर्जालाही कामी येतो. कुंपणात जिवंत वीज सोडणं हा तर बंदुकीपेक्षा मोठा धोका आहे, त्यात पहिला बळी शेजारचा शेतकरीही असू शकतो.

निवडणूक, लग्न आणि शिक्षा

आचारसंहिता लागली की जिल्ह्याची छाननी समिती कोणाच्या बंदुका जमा करायच्या ते ठरवते. आदेश आला तर मुदतीत जमा करा, पावती घ्या आणि निकालानंतर परत आणा. लग्नात, वरातीत हौसेने बार काढून कोणाच्या जिवाला धोका केला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. बिनपरवाना बंदूक ठेवल्याची शिक्षा २ ते ५ वर्षे कैद आणि दंड अशी आहे.

परवाना घरात असेल तर आज तीनच गोष्टी पाहा : नाव कोणाचं, मुदत कधीपर्यंत, हद्द कुठपर्यंत. तिन्हीपैकी एकही जुळत नसेल तर बंदुकीला हात लावण्याआधी पोलीस ठाणं किंवा जिल्हाधिकारी कार्यालय गाठा.