अळीची साक्ष

1935 सालच्या 29 सप्टेंबरला स्कॉटलंडातील मॉफट गावाजवळ, एका घळीत, गाठोड्यांत बांधलेले मानवी देहाचे तुकडे सापडले. ते दोन स्त्रियांचे होते. तपास लँकेस्टर येथील डॉ. बक रक्स्टन यांच्या दारी जाऊन थांबला. हे गृहस्थ मूळचे मुंबईचे पारशी. त्यांचे नाव बुख्त्यार हकीम. मृत स्त्रियांपैकी एक त्यांची पत्नी, दुसरी घरातील दासी. खटला गाजला तो बोटांच्या ठशांमुळे आणि कवटीवर छायाचित्र जुळवून पाहण्याच्या युक्तीमुळे. त्या मानाने मूठभर अळ्यांकडे लोकांचे लक्ष कमीच गेले. ग्लासगोच्या डॉ. अलेक्झांडर मर्न्स यांनी त्या निळ्या माशीच्या असल्याचे ओळखले व त्यांचे वय बारा ते चौदा दिवस ठरविले. स्त्रिया नाहीशा झाल्याच्या काळाशी हा हिशेब जुळला. 12 मे 1936 रोजी मँचेस्टरच्या तुरुंगात डॉक्टरांना फाशी झाली. त्या अळ्या लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात जपून ठेवलेल्या आहेत.

अळीचे वय सांगावयाचे तर आधी तिचे कूळ ठाऊक हवे, कारण प्रत्येक जातीची वाढ निराळ्या गतीने होते. कूळ ठरते ते नाव लावून ठेवलेल्या नमुन्यांशी ताडून. आपल्या देशात असा मोठा संग्रह दिल्लीत आहे. 1905 साली बिहारातील पुसा गावी कृषिसंशोधन संस्था निघाली. 15 जानेवारी 1934 च्या भूकंपाने तिची इमारत ढासळली आणि 1936 साली संस्था दिल्लीस आली. गावाचे नावही तिच्याबरोबर आले, आणि दिल्लीकर आजही त्या परिसराला पुसाच म्हणतात! संस्थेचा कीटकसंग्रहही दिल्लीस आला. आज त्यात पाच लाखांवर नमुने आहेत. हेतू अर्थातच पिकांच्या रक्षणाचा, गुन्ह्यांच्या तपासाचा नव्हे. टाचणीला टोचलेला वाळका किडा प्रवासाला पाठविण्याची रीत साधी आहे: टाचणी बुचाच्या तळात खोल रोवावी, पेटी दुसऱ्या मोठ्या पेटीत ठेवावी, आणि मधल्या जागेत पेंढा भरावा.

पोलिसांचा किडा मात्र असा निमूट नसतो. 1968 साली दिल्लीत केंद्रीय न्यायवैज्ञानिक प्रयोगशाळा उभी राहिली. पण प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी तिच्या दारापर्यंत येणाऱ्या डबीतच अर्धे काम होते किंवा बिघडते. अळ्यांचे दोन वाटे करावे लागतात. एक वाटा क्षणभर कढत पाण्यात मारून मग अल्कोहोलात ठेवावयाचा. जिवंत अळी थेट अल्कोहोलात टाकली तर ती आकसते, आणि आखूड अळी वयाने लहान वाटते. दुसरा वाटा जिवंत पाठवावयाचा, कारण पुढे माशी निपजली म्हणजे जात निर्विवाद ठरते. त्यासाठी डबीत तळाशी भुसा, वर काळजाचा ओलसर तुकडा आणि तोंडाला हवा खेळेल असे कापड बांधावे.

येथेच कायदा आणि कीटक यांची गाठ पडते. मुद्देमाल म्हटला की तो घट्ट बंद करून लाखेची मोहर उठवावयाची, हा पोलिसांचा हात बसलेला नियम. तशा डबीत अळी गुदमरते. म्हणून मोहर दोऱ्याच्या गाठीवर हवी, कापडावर नव्हे.

शिवाय डबीतली अळी वाटेतही वाढतच असते. दिल्लीचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो, जानेवारीची पहाट चार-पाच अंशांवर येते; दाटीने खाणाऱ्या अळ्या स्वतःही उष्णता निर्माण करतात. एका दिवसाच्या चुकीने निर्दोष माणूस गुन्ह्याच्या वेळी घटनास्थळी ठरू शकतो. म्हणून पेटी थंड ठेवावी, पण गोठवू नये, आणि तापमान व तास लिहून पाठवावे. चिठ्ठी दोन ठिकाणी हवी, कुपीच्या आत व बाहेर. आतली शिसपेन्सिलीने लिहिलेली, कारण शाई अल्कोहोलात विरघळते. तीवर तारीख, वेळ आणि अळी देहाच्या कोणत्या भागावरून उचलली ते लिहावयाचे.