शोमाउंटची यादी खरी किती?

मंडळी, आजचा विषय तसा एका ओळीचा आहे. साठवणीच्या सर्व्हरवर 'शोमाउंट' ही कमांड चालवली की आपल्या डिस्क कोणकोणत्या होस्टनी माउंट केल्यात, त्यांची नावं येतात. पण या यादीवर विश्वास ठेवायचा का? त्यासाठी चाळीस वर्षं मागं जाऊ.

१९८४-८५च्या सुमारास सन मायक्रोसिस्टम्सने एनएफएस आणलं. तेव्हा डिस्क महाग होत्या, कित्येक वर्कस्टेशनना स्वतःची डिस्कच नसायची. सगळ्यांच्या फायली एका सर्व्हरवर. तो बंद पडला तर? म्हणून त्यांनी ठरवलं, की सर्व्हरने क्लायंटबद्दल काहीच लक्षात ठेवायचं नाही. प्रत्येक मागणी स्वतःपुरती पूर्ण असेल. सर्व्हर पडला, उठला, क्लायंट तीच मागणी पुन्हा करेल, काम पुढे चालू.

आता गंमत बघा. जो काही लक्षात ठेवत नाही, तो 'कोण जोडलंय' हे सांगणार कसा? त्यासाठी माउंटची वेगळी व्यवस्था होती. 'माउंटडी' हा प्रोग्राम माउंट करणाऱ्याचं नाव एका फाइलीत लिहितो, सोडून जाताना खोडतो. शोमाउंट त्यालाच विचारतं. म्हणजे लॉजचं रजिस्टरच म्हणा ना! आला तो लिहितो. पण न सांगता गेला त्याचं काय? मशीन अचानक बंद पडलं की नाव तसंच राहतं. पुन्हा चालू झाल्यावर ते 'माझी सगळी नावं काढा' असा निरोप पाठवू शकतं. पण भंगारात गेलेलं मशीन कसला निरोप पाठवणार? उलट, नाव खोडलं म्हणून कोणाचं काम थांबत नाही. फाइल वाचायला यादीत नाव लागतच नाही.

१९८९ला हा प्रोटोकॉल आरएफसी १०९४ म्हणून छापला गेला, १९९५ला तिसरी आवृत्ती आली, तरी हा स्वभाव टिकला. २०००च्या चौथ्या आवृत्तीत मात्र विचारच उलटला. सर्व्हर आता क्लायंटला ठरावीक मुदतीने ओळखतो, वेगळा माउंट प्रोटोकॉल उरला नाही. त्यामुळे हे नवे क्लायंट शोमाउंटला दिसत नाहीत. लिनक्समध्ये ते वेगळीकडे, कर्नल ५.३पासून 'प्रॉक'खालच्या 'क्लायंट्स' डिरेक्टरीत बघावे लागतात.

म्हणून शोमाउंट रिकामं आलं, की 'कोणी नाही, करा सर्व्हर बंद' असं म्हणू नका. रिकामं रजिस्टर म्हणजे रिकामी लॉज नव्हे.