साडेसदतीस डॉलरचा नेम

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

नेमबाजी शिकायची हौस वाटू लागलेल्या माणसाचा पहिला प्रश्न अगदी साधा असतो. परवडेल असं पिस्तूल कोणतं? स्पर्धेत पदक मिळवायचं नाही, कुणाला धाक दाखवायचा नाही. रविवारच्या सकाळी कागदी चकतीवर चार-दोन बरे नेम साधावेत, एवढीच इच्छा. या प्रश्नामागे शे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. तो पाहिला की दुकानदाराला काय विचारावं, हे आपोआप कळतं.

आपल्या मराठीत 'हलकं' हा शब्द मोठा गमतीचा आहे. वजनाला कमी ते हलकं आणि दर्जाला कमी तेही हलकंच. पिस्तुलाच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकमेकांत गुंततात. निशाणबाजीचं पिस्तूल स्वस्त झालं ते त्याचं काडतूस हलकं झालं म्हणून. पण काडतूस हलकं झालं तरी काम हलकं होऊ द्यायचं नाही, हे ज्यांना जमलं त्यांची ही गोष्ट आहे.

सुरुवात पॅरिसमध्ये होते. लुई निकोला फ्लोबेर नावाच्या कारागिरानं १८४५च्या सुमारास एक युक्ती केली. त्या काळी बंदुकीची दारू पेटवायला तांब्याची छोटी टोपी वापरत. फ्लोबेरनं त्या टोपीच्याच तोंडाशी बारीकशी शिशाची गोळी बसवली. वेगळी दारू नाही, फार धूर नाही, मोठा आवाज नाही. त्यामुळे घराच्या दिवाणखान्यात किंवा बागेत नेमबाजीचा खेळ खेळता येऊ लागला. पुढे १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीनं याच धर्तीवर पॉइंट टू टूचं आखूड काडतूस आणि त्यासाठी रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीकडून त्याचा लांब अवतार आला. पॉइंट टू टू लाँग रायफल असं त्याचं नाव. आज जगभर सरावासाठी वापरतात ते हेच काडतूस.

याची रचना समजून घेण्यासारखी आहे. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक वेगळी टोपी असते, तिच्यावर आघात झाला की दारू पेटते. या लहान काडतुसात तशी टोपीच नसते. पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत, पत्र्याच्या दुमडीत भरलेला असतो. पत्रा पातळ, भाग कमी, म्हणून किंमत कमी. गोळीचं वजन साधारण अडीच ग्रॅम. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाची गोळी याच्या तिप्पट भरते. गोळी हलकी, दारू थोडी, त्यामुळे हाताला बसणारा झटकाही थोडा. नवशिक्याचा हात दचकत नाही आणि डोळा मिटत नाही.

याचा परिणाम पिस्तुलाच्या पोटातही होतो. मोठ्या काडतुसाच्या बहुतेक स्वयंचलित पिस्तुलांत, गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत मागची बाजू घट्ट बंद ठेवायला कुलपासारखी यंत्रणा लागते. ती बारकाईनं घासावी लागते, बसवावी लागते. लहान काडतुसाचा दाब इतका कमी असतो की मागच्या लोखंडी दट्ट्याचं वजन आणि एक स्प्रिंग एवढ्यावर भागतं. कुलूप गेलं की भाग कमी झाले, आणि भाग कमी झाले की खर्च उतरला.

तरीही स्वस्त पिस्तूल लगेच हाती आलं नाही. १९१५ मध्ये कोल्ट कंपनीनं जॉन ब्राऊनिंग या नामांकित संशोधकाच्या आराखड्यावर पॉइंट टू टूचं स्वयंचलित पिस्तूल काढलं. १९२७ पासून ते 'वुड्समन' या नावानं ओळखलं जाऊ लागलं. देखणं, अचूक, नाव घेण्यासारखं. पण त्याचे भाग पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढलेले असत. कोरीव कामाला कुशल हात लागतात, वेळ लागतो, आणि त्याची मजुरी शेवटी गिऱ्हाईकच भरतं.

इथे बिल रुगर हा तरुण येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यानं सुतारकामाची हत्यारं बनवण्याचा कारखाना काढला होता. तो चालला नाही. मात्र पत्रा साच्यात दाबून वस्तू कशी घडवायची, हे त्या धंद्यानं त्याला शिकवलं. अलेक्झांडर स्टर्म या कलासक्त मित्रानं पन्नास हजार डॉलरचं भांडवल घातलं आणि कनेटिकट राज्यातल्या साउथपोर्ट गावी १९४९ मध्ये स्टर्म-रुगर कंपनी उभी राहिली. तिचं पहिलं पिस्तूल साडेसदतीस डॉलरना विकायला आलं. वुड्समनपेक्षा ते बरंच स्वस्त होतं.

रुगरनं किंमत कुठे कापली आणि कुठे कापली नाही, हे पाहण्यासारखं आहे. मुठीचा सांगाडा त्यानं ठोकळ्यातून कोरला नाही. पत्र्याचे दोन अर्धे भाग साच्यात दाबून घेतले आणि जोडून टाकले. वरचा भाग म्हणजे सरळ नळकांडं. त्याच्या आत दट्ट्या मागेपुढे सरकतो. महायुद्धातून परतलेल्या एका अमेरिकन सैनिकाकडून त्याला जपानी नांबू पिस्तूल मिळालं होतं, त्याचा अभ्यास या रचनेत उतरला होता. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र जर्मन लुगरची आठवण येई.

त्यानं कापलं नाही ते नळी आणि निशाण. बऱ्याच स्वयंचलित पिस्तुलांत मागची खाच सरकत्या भागावर बसवलेली असते. प्रत्येक बाराबरोबर ती मागे जाते आणि पुढे येते. रुगरच्या पिस्तुलात नळी नळकांड्यात पक्की बसवलेली, पुढची माशी नळीवर आणि मागची खाच नळकांड्यावर. म्हणजे माशी, खाच आणि नळी यांचं नातं कायम पक्कं. हलतो तो फक्त आतला दट्ट्या.

यानं एवढा काय फरक पडतो, ते आकड्यांत पाहू. माशी आणि खाच यांच्यात वीस सेंटिमीटर अंतर आहे आणि निशाण पंचवीस मीटरवर आहे असं धरा. म्हणजे निशाणाचं अंतर सव्वाशे पट झालं. माशी खाचेत एकच मिलिमीटर बाजूला राहिली, तर गोळी साडेबारा सेंटिमीटर बाजूला जाते. या अंतरावरच्या अचूक नेमाच्या चकतीवर दहा गुणांचं वर्तुळ अवघं पाच सेंटिमीटर रुंद असतं. एका मिलिमीटरच्या चुकीनं दहाचे पाच-सहा गुण होतात. म्हणून किंमत कापायची तर ती इथे कापायची नाही. बाहेरची चकाकी, कोरीव नक्षी, लाकडाची मूठ हे सगळं खुशाल कापा.

त्या पिस्तुलातही उणं होतं. साफसफाईसाठी ते उघडणं सोपं, पण पुन्हा जोडणं म्हणजे डोकेदुखी. अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांत हा कित्येक वर्षं थट्टेचा विषय होता. २०१६ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत ही अडचण दूर झाली. कंपनीच्या चिन्हातला लाल गरुड स्टर्मनं स्वतः रेखाटला होता. १९५१ मध्ये तो ऐन तारुण्यात वारला आणि त्याच्या शोकात पिस्तुलावरचा लाल गरुड काळा करण्यात आला. वुड्समनचं उत्पादन १९७७ मध्ये थांबलं. साडेसदतीस डॉलरच्या त्या पिस्तुलाचे वंशज अजून बनतात.

त्याच सुमारास सोव्हिएत रशियात एक निराळा माणूस याच प्रश्नाशी झुंजत होता. मिखाईल मार्गोलिन. तरुणपणी लढाईत डोक्याला गोळी लागून त्याची दृष्टी गेली होती. तरीही तो शस्त्रांचा रचनाकार झाला. कागदावरचा आराखडा दिसत नसे, म्हणून मेण, माती आणि लाकूड यांचे नमुने करून बोटांनी चाचपून तो भाग घडवी. त्याचं पॉइंट टू टूचं निशाणबाजीचं पिस्तूल १९४०च्या दशकाच्या शेवटी तयार झालं आणि देशभरच्या क्लबांत नवशिक्यांच्या हाती गेलं. त्यातही निशाण पक्कं बसवलेलं, सरकत्या भागापासून अलग. दिसत नसलेल्या माणसानं इतरांच्या डोळ्यांसाठी एवढी नेमकी सोय केली. एकीकडे बाजार, दुसरीकडे सरकारी क्लब, आणि दोघांचं उत्तर एकाच जागी येऊन मिळालं.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नव्हे. जे काडतूस कागदाला भोक पाडतं ते माणसालाही पाडतं. जून १९६८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली, ती पॉइंट टू टूच्याच एका साध्या रिव्हॉल्व्हरनं. त्याच वर्षी अमेरिकेत बंदूक नियंत्रण कायदा झाला. परदेशातून येणारी शस्त्रं खेळासाठी योग्य आहेत की नाहीत, हे तपासणं त्यानं बंधनकारक केलं. पिस्तुलांसाठी गुणपत्रिकाच तयार झाली. लांबी किती, वजन किती, निशाण मागेपुढे करता येतं का, मूठ नेमबाजीची आहे का, यांना गुण. खिशात लपवायचं स्वस्त पिस्तूल एकीकडे आणि नेमबाजीचं स्वस्त पिस्तूल दुसरीकडे, अशी रेघ सरकारलाही ओढावी लागली. लपवायच्या पिस्तुलात आखूडपणाला किंमत असते, नेमबाजीच्या पिस्तुलात लांबीला आणि वजनाला.

ब्रिटनमध्ये ही रेघ टिकली नाही. मार्च १९९६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावच्या शाळेत एका माणसानं सोळा मुलं आणि त्यांच्या शिक्षिका यांचा जीव घेतला. त्याच्याकडची पिस्तुलं परवान्याची होती. १९९७ मधल्या पहिल्या कायद्यानं मोठ्या काडतुसाची पिस्तुलं बंद केली आणि पॉइंट टू टूला क्लबच्या चार भिंतींत राहू दिलं. त्याच वर्षी सरकार बदललं आणि दुसऱ्या कायद्यानं तेही गेलं. हजारो हौशी नेमबाजांनी आपली पिस्तुलं पोलिसांकडे जमा केली. २०१२च्या लंडन ऑलिंपिकसाठी खास सवलत द्यावी लागली. त्या नेमबाजांचा काही दोष नव्हता. आणि त्या सोळा घरांचा तरी काय दोष होता? अशा वेळी तराजू कुणाच्या बाजूला झुकावा, हे ठरवणं मला अवघड वाटत नाही. पण खेळ गमावलेल्यांचं दुःख खोटं होतं, असंही मी म्हणणार नाही.

आपल्याकडे काय? १९५९च्या शस्त्र कायद्याखाली पॉइंट टू टूच्या पिस्तुलाला परवाना लागतो, आणि तो सहज मिळत नाही. तेव्हा नवशिक्यासाठी खरा दरवाजा आहे तो एअर पिस्तुलाचा. साडेचार मिलिमीटर छिद्राच्या आणि कायद्यानं ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी शक्तीच्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवान्याची गरज नाही. दारू नाही, काडतूस नाही, दाबलेल्या हवेवर शिशाचा छर्रा सुटतो. १९८८च्या सोल ऑलिंपिकपासून दहा मीटर एअर पिस्तूल हा स्पर्धेचा प्रकार आहे. त्यात दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम साडेअकरा मिलिमीटरचं. २०२४ मध्ये पॅरिसला मनू भाकरनं याच प्रकारात कांस्यपदक मिळवलं. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं, ते मात्र पॉइंट टू टूच्या पिस्तुलावर.

एअर पिस्तुलातही तोच जुना हिशेब लागू पडतो. स्प्रिंगवर चालणारी पिस्तुलं स्वस्त असतात, पण स्प्रिंग सुटली की हाताला पुढे-मागे असा दुहेरी हिसका बसतो. एकदाच दांडी दाबून हवा भरायची सोय असलेली काही पिस्तुलं फार महाग नसतात आणि हातात जवळजवळ हलत नाहीत. शिकणाऱ्याला तीच मानवतात.

मग दुकानात काय विचारावं? नळी आणि निशाण एकमेकांशी पक्के आहेत का? खाच बारकाईनं सरकवता येते का? चाप ओढताना अडखळतो का, की प्रत्येक वेळी सारख्याच दाबाला सुटतो? नियमानं एअर पिस्तुलाच्या चापाला किमान अर्धा किलोचा भार लागतो, पॉइंट टू टूच्या खेळाच्या पिस्तुलाला एक किलोचा. भार किती, यापेक्षा तो रोज सारखा आहे का, हे महत्त्वाचं. मूठ आपल्या तळहाताला बसते का? सुटे भाग आणि दुरुस्ती गावात मिळते का? आणि घरी ते कुलपात कुठे ठेवणार? हा शेवटचा प्रश्न दुकानदार विचारणार नाही. तो आपणच स्वतःला विचारायचा. परवाना लागत नाही म्हणून ते मुलांचं खेळणं ठरत नाही. एअर पिस्तुलाचा छर्राही डोळा घेऊ शकतो.

एक हिशेब आणखी मांडतो. आठवड्यातून दोनदा, दर वेळी पन्नास बार, म्हणजे वर्षाचे पाच हजार दोनशे. पिस्तूल एकदा घ्यायचं, छर्रे आणि काडतुसं कायम. महागडं पिस्तूल घेऊन महिन्यातून एकदा रेंजवर जाणाऱ्यापेक्षा साधं पिस्तूल घेऊन रोज हात स्थिर करणारा पुढे जातो. आम्हा लिहिणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. भारी पेनानं ओळ चांगली उतरत नाही, रोज बसल्यानं उतरते. तेव्हा ठेवलेल्या पैशांतले निम्मेच पिस्तुलावर घाला. उरलेले छर्ऱ्यांसाठी, रेंजच्या वर्गणीसाठी, चांगल्या शिक्षकासाठी आणि एका भक्कम कुलपासाठी ठेवा.