वर्तनावरून पक्षी-ओळख : वैतरणा खाडी

पिसाऱ्याचा तपशील दिसत नसताना चाल, उड्डाण, खाण्याची रीत आणि थव्यातील वागणूक यांवरून रानपक्षी ओळखण्याची पद्धत. पालघर जिल्ह्यात वैतरणा व सफाळे यांदरम्यानच्या रेल्वेपुलांपासून दातिवरे-अर्नाळ्याच्या मुखापर्यंतच्या पट्ट्यात ती विशेष उपयोगी पडते.

त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावलेली वैतरणा पश्चिमेस समुद्राला मिळते. दुपारनंतर मुखाकडे पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येते आणि पक्ष्यांच्या काळ्या आकृतीच उरतात. तिवरांपलीकडच्या चिखलात पाय रुततो, त्यामुळे जवळ जाता येत नाही. शिवाय सप्टेंबर ते एप्रिल या काळात येथे असणारे स्थलांतरित किनारपक्षी बहुतांशी करड्या हिवाळी पिसाऱ्यात असतात. रंगावर विसंबणारा नवखा निरीक्षक येथे लवकर निराश होतो.

निरीक्षणाची वेळ तिथीवरून ठरवावी. पौर्णिमा-अमावास्येला भरती साधारण दुपारी व मध्यरात्री बाराच्या सुमारास येते. म्हणजे सकाळी ओहोटी असते आणि पक्षी दूर चिखलावर पांगलेले असतात. उधाणाचे पाणी चढू लागले की ते काठाकडे सरकतात. अष्टमीला भरती सकाळी सहाच्या आसपास येते खरी, पण ती भांगाची. चिखल पुरता झाकला जात नाही.

किनारपक्षी : चिखल्या आणि तुतारी या दोन गटांतील भेद सर्वांत भरवशाचा. चिखल्या डोळ्यांनी शिकार हेरतो. तो चार पावले धावतो, गपकन थांबतो, एकदा टोचतो आणि पुन्हा धावतो. तुतारीवर्गीय पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाला स्पर्शाची जाण असते, म्हणून ते मान खाली घालून सलग टोचत जातात. पाणटिवळा पोटापर्यंतच्या पाण्यात उभा राहून शिवणयंत्राच्या सुईप्रमाणे चोच खालीवर करतो. कोरल एकेकटा, सावकाश चालतो आणि वाकडी चोच खेकड्याच्या बिळात खोल घालतो. रेडशँक संशय येताच डोके झटकतो आणि सर्वांच्या आधी ओरडत उडतो. उडताना पंखांची पांढरी मागची कड दिसते. सामान्य तुतारी काठाच्या दगडावर शेपटीकडचा भाग अखंड हलवते आणि ताठ, किंचित खाली वळलेल्या पंखांच्या थरथरीने पाण्यालगत उडते. इतकी स्पष्ट खूण दुसऱ्या पक्ष्याला क्वचितच असेल. उचाट वर वळलेली चोच पाण्यात डावीउजवीकडे फिरवतो. चमच्याही तसेच करतो, पण तो बगळ्याएवढा असतो.

बगळे : मोठा बगळा बराच वेळ निश्चल उभा राहतो. लहान बगळा पायाने तळ ढवळून मासे उठवतो. किनारी बगळा पंख अर्धवट उघडून उथळ पाण्यात वेडावाकडा धावतो. त्याच्या पांढऱ्या रूपाचा लहान बगळ्याशी गोंधळ होतो. पश्चिम किनाऱ्यावर दोहोंचे संकर नोंदले गेल्याने अशा नोंदी सावधपणे घ्याव्यात.

आकाशातील पक्षी : घार दुभंगलेली शेपटी सतत वळवून दिशा बदलते. ऑस्प्रे पाय पुढे करून सूर मारतो आणि मासा डोके पुढे ठेवून नेतो. कापशी गवतावर व कवड्या खंड्या पाण्यावर जागच्या जागी पंख मारत राहतो. सुरय चोच खाली रोखून उडतो आणि डोके पुढे करून सूर मारतो. कुरव पाण्यावर बसून राहतो. तारेवर बसलेली ती भिंगरी. पाकोळी तारेवर बसत नाही.

पूर्वपीठिका : सालिम अली यांनी १९३० मध्ये किहीम येथे केलेला सुगरणीच्या वर्तनाचा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यांची व हुमायून अब्दुलअली यांची मुंबई व साष्टीच्या पक्ष्यांवरील लेखमाला वसईच्या खाडीशी थांबते. वैतरणा त्या सीमेच्या उत्तरेस पडते. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ पाहावा.

मर्यादा : वर्तन गटापर्यंत नेते, जातीपर्यंत नेतेच असे नाही. पूर्वी एकच मानलेल्या छोट्या वाळू-चिखल्याचे आता सायबेरियन व तिबेटी असे दोन भाग केले जातात. धावण्यावरून ते वेगळे करता येत नाहीत. भुकेला, जखमी किंवा ससाण्याने उठवलेला पक्षी नेहमीसारखा वागत नाही. ‘चिखल्या, जात अनिश्चित’ ही नोंद अंदाजाने दिलेल्या नावापेक्षा अधिक मोलाची आहे.

झाडीतील व निशाचर पक्षी : दुरून ओळख मुख्यतः आवाजावरून.