करमणुकीची कुळकथा

हलकीफुलकी कादंबरी वाचणाऱ्या माणसाला आपल्याकडे जराशी ओशाळवाणी मुद्रा धारण करावी लागते. ‘काय वाचता?’ असे कोणी विचारले, की हातातले पुस्तक किंचित पालथे होते आणि ‘काही नाही, आपले सहज’ असे उत्तर येते. तत्त्वज्ञानाचा ग्रंथ तीन महिने उशाशी नुसता पडून असला, तरी तो वाचतो आहे असे ऐटीत सांगता येते. रहस्यकथा एका रात्रीत फस्त केली, तरी तसे सांगायची मात्र चोरी! ही चोरी आजकालची नव्हे. मराठी कादंबरीचे आणि या चोरीचे वय जवळजवळ सारखेच आहे.

बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाले. हिंदू विधवांची दुःस्थिती हा त्याचा विषय. म्हणजे आरंभ मोठा गंभीर झाला. पण चारच वर्षांनी, १८६१ साली, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ अवतरली आणि सोशीक नायिका, कारस्थानी दुष्ट पुरुष व शेवटी सारे गोड, असा थाट मांडून बसली. १८६८ साली नारो सदाशिव रिसबुडांच्या ‘मंजुघोषे’ने त्यावर अद्भुताचा आणखी गिलावा चढवला. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या. वडिलांचे हे राहिलेले काम पुढे विष्णुशास्त्र्यांनी तडीस नेले. ‘निबंधमाला’ लिहिणाऱ्या हाताला जादूच्या दिव्याचा विटाळ झाला नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुढच्या टीकाकारांनी या कादंबऱ्यांना पुष्कळ नावे ठेवली. घरोघरी बालविवाह आणि केशवपन चालले असता या नायिका राजवाड्यातल्या उपवनांत विहार करीत होत्या, ही तक्रार खोटी नव्हे. परंतु वाचनाची गोडी ही उपदेशाने लागत नसते. ‘पुढे काय झाले?’ या प्रश्नाने लागते. नुकताच छापखाना आलेल्या समाजाला तो प्रश्न विचारायला या पुस्तकांनीच शिकवले.

याचा पुरावा हरी नारायण आपट्यांच्या चरित्रातच आहे. रेनॉल्ड्स नावाचा एक इंग्रज कादंबरीकार त्या काळी हिंदुस्थानात भलताच लोकप्रिय होता. लंडनच्या अंधाऱ्या गल्ल्या, गुपिते आणि भानगडी हा त्याचा माल. हरिभाऊंची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ ही १८८५ सालची. तिचा सांगाडा याच रेनॉल्ड्सवरून घेतलेला! पुढे १८९० साली त्यांनी साप्ताहिक काढले, त्याचे नाव ठेवले ‘करमणूक’. आणि त्या ‘करमणुकी’त क्रमशः काय छापले? ‘पण लक्षात कोण घेतो!’ केशवपन झालेल्या यमूची ती कहाणी मराठी माणसाच्या घरात शिरली ती समाजसुधारणेचे पत्रक होऊन नव्हे. दर आठवड्याला उत्कंठेने वाट पाहावी अशी गोष्ट होऊन शिरली. करमणुकीचे दार उघडे नसते, तर यमू उंबऱ्यापाशीच ताटकळत राहिली असती.

करमणुकीचा दुसरा उपकार याहून खाजगी आहे. नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, हे तरुणपणी शिकारीच्या नादात सिंहगडावरून कोसळले. जीव वाचला, पण कमरेखालचे शरीर कायमचे लुळे झाले. इस्पितळातल्या त्या दीर्घ मुक्कामात पुस्तकांनी त्यांना सोबत दिली आणि वाचता वाचता हा माणूस स्वतःच लिहू लागला. ज्याला स्वतःच्या पायांनी अंगणात जाता येत नव्हते, त्याने १९१३ साली ‘वीरधवल’ लिहून महाराष्ट्रातल्या पोरासोरांना रानावनांतून, गडकिल्ल्यांतून धावायला लावले! अशा कादंबरीला कोणी पळवाट म्हणेल. पण ज्याला पळताच येत नाही, त्याच्या हाती पळवाट येणे ही काय लहान गोष्ट आहे? १९२८ साली ते वारले, तोवर त्यांची लेखणी थांबली नाही.

पुढे ना. सी. फडके आले. शिकवीत तत्त्वज्ञान आणि लिहीत प्रणयकथा! कला ही कलेसाठीच, असे त्यांनी ठणकावून सांगितले आणि वाचकांची चोरी थोडी कमी केली. बाबूराव अर्नाळकरांनी तर हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्यापायी किती दिवे रात्री उशिरापर्यंत जळले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. अर्नाळकरांचे चष्म्यांचे दुकान होते. लोकांना दृष्टी द्यायची आणि ती खर्ची घालायला पुस्तकेही आपणच पुरवायची, असा हा चोख व्यवहार होता.

आज घरातली तरुण मंडळी ज्या इंग्रजी कादंबऱ्यांत डोके खुपसून बसतात, त्या याच कुळातल्या. ट्रॅव्हिस बाल्ड्री या अमेरिकन लेखकाच्या २०२२ सालच्या कादंबरीत एक धिप्पाड राक्षसकुळातली लढवय्यी तलवार खुंटीला टांगते आणि कॉफीचे दुकान थाटते. रिचर्ड ऑस्मनच्या २०२० सालच्या कादंबरीत वृद्धाश्रयातली चार म्हातारी माणसे खुनाचा छडा लावतात. जग बुडायचे नाही, रक्ताचे पाट वाहायचे नाहीत. माणसे भली, चहाकॉफी गरम आणि शेवट समाधानाचा. ‘मुक्तामाले’च्या वाचकाला यात परके असे फारसे काही वाटले नसते.

मराठीतला पहिला दिवाळी अंक १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी काढला. त्यांच्या मासिकाचे नाव होते ‘मनोरंजन’. तेव्हा वाचकहो, चकलीचा तुकडा एका हाती आणि रहस्यकथा दुसऱ्या हाती, अशा अवस्थेत कोणी तुम्हाला गाठले, तर पुस्तक पालथे घालू नका. शेवटचे पान तेवढे त्याला सांगू नका म्हणजे झाले.