होकार कधी द्यायचा?

हेदवीजवळच्या वेळणेश्वरला २०१२ पासून विद्या प्रसारक मंडळाचं महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्यामुळे इथल्या बारावीच्या मुलापुढे घराजवळची जागा की मुंबई-पुण्यातली, असा प्रश्न उभा राहू शकतो. मिळालेली जागा घ्यायची, धरून ठेवायची की सोडायची, याला आपण मुलाच्या प्रामाणिकपणाची कसोटी मानतो. प्रवेशाचा इतिहास पाहिला तर निर्णयाची ही जबाबदारी बराच काळ फक्त मुलाकडूनच मागितली गेली, आणि आता तिची वेळही बदलली आहे.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना दार उघडलं. जागा वाढल्या, सोबत देणग्याही आल्या. १९८७ चा कॅपिटेशन फीविरोधी कायदा त्यातूनच जन्मला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने खासगी जागाही गुणवत्ता यादीला बांधल्या. पण जागा घेतलेल्या मुलाला ती सोडणं सोपं नव्हतं. विद्यापीठ अनुदान आयोगाला २००७ साली जाहीर सूचना काढून सांगावं लागलं, की मूळ दाखले अडकवू नका, आणि वर्ग सुरू होण्याआधी प्रवेश सोडणाऱ्याची फी हजार रुपयांपर्यंतच कापून परत करा. शाळा सोडल्याचा दाखला कपाटात कुलूपबंद असताना मुलाने ‘जागा वेळेत सोड’ हा उपदेश ऐकायचा तरी कसा? आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेने परताव्याचे टप्पे ठरवून दिले. शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी सोडल्यास किरकोळ प्रक्रिया शुल्क वगळून सगळी फी परत, आणि तारीख उलटून तीस दिवस झाले की काहीच नाही. उशिराची किंमत उघडपणे लिहिली गेली.

त्याहून मोठा बदल कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्यांनी केला. २०२५ च्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की, झाली. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना हाच नियम लागू झाला, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना. म्हणजे होकार जागा मिळाल्यावर द्यायचा राहिलाच नाही. ऑप्शन फॉर्म भरतानाच तो दिलेला असतो. हॉस्टेलचा खर्च, शिष्यवृत्ती, वडिलांचं मत हे सगळं फॉर्म भरायला सायबर कॅफेत जाण्याआधी घरात बोलून झालं पाहिजे. जिथे जायचंच नाही ते कॉलेज ‘असू दे’ म्हणून वर टाकणं, हीच आजची बेजबाबदारी.

यावर आक्षेप येईल, की खात्रीची जागा हातात ठेवून वरची वाट पाहणं म्हणजे दुसऱ्याचा हक्क अडवणंच की. तसं नाही. बेटरमेंटची, म्हणजे मिळालेली जागा राखून पुढच्या फेरीत वरची पसंती मागण्याची, सोय नियमातच आहे. वरची जागा मिळाली की आधीची आपोआप सुटते आणि पुढच्या मुलाला जाते. ही सोय वापरण्याची लाज बाळगायचं कारण नाही, विशेषतः ज्याच्या घरी दुसरी फी भरायची ऐपत नाही त्याने. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जागा तर रिकाम्याच राहतात, मग अडवलं कोणाला? याचं उत्तर कॉलेजनुसार बदलतं. नामांकित कॉलेजात शेवटच्या फेरीनंतर सुटलेल्या जागेलाही उमेदवार सापडतो. तालुक्याच्या कॉलेजात तेव्हा यायला कोणी उरलेलं नसतं. थेट दुसऱ्या वर्षाला एखादा डिप्लोमाधारक आला नाही, तर ते बाक चारही वर्षं रिकामं राहतं आणि त्याच्या फीची तूट तिथल्या विभागालाच सोसावी लागते.